भाड्याने दिलेली बिल्डिंग विकत घेताय? आधी लाइट बिलं मागा

नाशिकच्या पाथर्डी फाटा, सिडको, सातपूर भागात सहा-आठ फ्लॅटच्या जुन्या बिल्डिंगी विकायला निघतात. मालक भाव सांगतो तो शेजारच्या नव्या स्कीमचा. आमचं म्हणणं, हिशेब भाड्यापासून धरा.

समजा सहा वन बीएचके, प्रत्येकी ८,००० भाडं. मालक वर्षाचे ५,७६,००० सांगेल. फ्लॅट मधूनमधून रिकामे पडतातच, म्हणून अकरा महिनेच धरा: ५,२८,०००. घरपट्टी, जिन्याचा लाइट, पंप, टाकी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांचे ९०,००० वजा केले की हातात ४,३८,०००. दीड कोटीला घेतली तर परतावा तीन टक्क्यांच्याही आत, १ कोटी १० लाखांना मिळाली तर चारच्या आसपास. एफडीत याहून जास्त सुटतात. मग लोक का घेतात? जमिनीसाठी. म्हणून प्लॉट केवढा, रस्ता किती रुंद, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) शिल्लक आहे का, हे आधी बघा. हॉलमधल्या नव्या टाइल्सना भाव देऊ नका.

आता भाडं खरं किती? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार मागा आणि प्रत्येक फ्लॅटचं महावितरणचं बिल. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एका ठिकाणी मालक म्हणाले, "सगळे फुल आहेत." एका मीटरवर सलग पाच महिने दोन-तीन युनिट! दाराला मात्र ताजं तोरण.

भाडेकरूंचं डिपॉझिट किमतीतून वजा करून घ्या. ते परत द्यायची वेळ तुमच्यावर येते, आणि व्यवहाराच्या घाईत हेच विसरतं. करार नसलेला जुना भाडेकरू असेल तर जपून: १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं आणि खोली सहज रिकामी होत नाही. तेवढा भाव खाली आलाच पाहिजे.

गोदाकाठी किंवा नासर्डीच्या कडेला बघत असाल तर २००८ आणि २०१६ च्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, ते समोरच्या दुकानदाराला विचारा. निळी पूररेषा (पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा) महापालिकेच्या नगररचना विभागात तपासा. बिल्डिंग रेषेच्या आत निघाली तर नव्या बांधकामावर निर्बंध येतात, मग जमिनीसाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) कापून भरायचा, तो तुम्ही, मालकाने नाही.

आमच्याकडे येताना करार, लाइट बिलं, घरपट्टीची पावती, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला (बिल्डिंग वापरायला पालिकेची परवानगी), सगळ्यांच्या झेरॉक्स आणा. बिल्डिंग बघायला शक्यतो पावसाळ्यात जाऊ, वरच्या मजल्याचं छत तेव्हाच बोलतं.