इंटरनेट टेलिफोनी : भारतातील वाढ

आवाजाचे डिजिटल तुकडे, म्हणजे पॅकेट, करून ते इंटरनेट प्रोटोकॉलने (आयपी) पाठवणे आणि पलीकडे पुन्हा जोडून ऐकवणे, याला इंटरनेट टेलिफोनी म्हणतात. सर्वसामान्यांना वापरता येईल असे पहिले सॉफ्टवेअर व्होकलटेक या इस्रायली कंपनीने १९९५ च्या आरंभी बाजारात आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगम लिमिटेडने (व्हीएसएनएल) भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे तंत्र भारतात उशिरा पोहोचले असे नाही. इथल्या वाढीचा वेग ठरला तो एकाच प्रश्नावर: इंटरनेट आणि सार्वजनिक टेलिफोनचे जाळे एकमेकांना कुठे, कोणी आणि किती जोडायचे. पुढच्या पंचवीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या सांध्याचा इतिहास आहे.

आंतरराष्ट्रीय कॉलवर व्हीएसएनएलची मक्तेदारी असेपर्यंत इंटरनेटवरून फोन करण्यास बंदी होती. मक्तेदारी मार्च २००२ अखेर संपली आणि १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट सेवा कंपन्यांना मर्यादित मोकळीक मिळाली. संगणकावरून संगणकावर कुठेही बोलता येऊ लागले. भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनवर कॉल करणेही कायदेशीर झाले. भारतातल्या भारतात मात्र संगणकावरून लँडलाइन किंवा मोबाइल लावायला परवानगी नव्हती. पुण्याच्या सायबर कॅफेतून न्यू जर्सीतल्या घरच्या फोनवर बोलता येई, पण त्याच संगणकावरून साताऱ्यातल्या फोनची घंटा वाजवणे बेकायदा होते.

हे विचित्र वाटले तरी त्यामागे हिशेब होता. एसटीडी आणि आयएसडीच्या चढ्या दरांतून स्थानिक कॉल व ग्रामीण टेलिफोनचा तोटा भरून काढला जात असे. २००३ पासून हा भार ‘ॲक्सेस डेफिसिट चार्ज’ या नावाने कॉलवर उघडपणे लावला गेला. परदेशातून येणाऱ्या कॉलवर तो सर्वांत जड होता आणि टप्प्याटप्प्याने कमी होत २००८ मध्ये रद्द झाला. ग्रामीण फोन टिकवण्याचा हेतू योग्य होता, परंतु साधन चुकीचे होते. कायदेशीर मार्गाने आलेला कॉल महाग आणि इंटरनेटने आलेला जवळजवळ फुकट, असा फरक दिसला की मधल्या मध्ये कॉल चोरवाटेने वळवण्याचा धंदा उभा राहतो, आणि तसा तो राहिला.

त्या काळातल्या डायल-अप जोडणीवर आवाज कसा मावत असे, हे पाहण्यासारखे आहे. जी.७२३.१ हा कोडेक, म्हणजे आवाज लहान करण्याची पद्धत, दर ३० मिलिसेकंदांचा आवाज २४ बाइटांत दाबतो. त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या नियमसंचांची शीर्षके, म्हणजे पत्ता-क्रमाच्या नोंदी, चढतात २०, ८ आणि १२, एकूण ४० बाइट. म्हणजे मालापेक्षा वेष्टन जड. तरीही हिशेब एका दिशेला सुमारे १७ केबीपीएसच (सेकंदाला हजार बिट) होतो आणि २८.८ केबीपीएसच्या मोडेममधून कसाबसा जातो. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत एखादे पान उघडले की आवाज तुटायचा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला, तेव्हा ही घुसमट तत्त्वतः संपली. अशा जोडण्या घरोघरी पोहोचायला मात्र बराच काळ गेला.

साध्या फोनला जोडणारी इंटरनेट टेलिफोनी देण्याचा अधिकार २००५ च्या सुमारास टेलिफोन कंपन्यांच्या परवान्यात आला होता, पण स्वतःच्याच एसटीडीच्या उत्पन्नाला कात्री लावण्यात त्यांना रस नव्हता. ज्यांना रस होता त्या इंटरनेट कंपन्यांना देशांतर्गत जोडणीचा हक्क नव्हता. ऑगस्ट २००८ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) त्यांनाही मोकळीक देण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही.

शेवटी कोंडी फुटली ती परवान्यांमुळे नव्हे, तर स्मार्टफोनमुळे. ॲपवरून ॲपवर होणारा कॉल टेलिफोनच्या जाळ्याला स्पर्शच करत नाही, म्हणून तो २००२ च्या नियमांतही बसत होता. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा डेटा दर जाहीर केला आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेतला. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी कॉल आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने आशयानुसार वेगवेगळे डेटा दर लावण्यास मनाई केली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाली; तिच्याकडे जुने टूजी-थ्रीजी जाळे नव्हतेच, त्यामुळे तिचा प्रत्येक कॉल आयपीवर, व्हीओएलटीई (फोरजी जाळ्यावरून आवाज) पद्धतीने, जात होता. दुसऱ्याच्या जाळ्यात कॉल पोहोचवण्याचे शुल्क १ ऑक्टोबर २०१७ ला मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ ला शून्य झाले. मिनिटाला किंमत उरली नाही, तेव्हा मिनिटे वाचवण्यासाठी मिस्ड कॉल देण्याची सवयही ओसरली.

ॲप कॉल आणि व्हीओएलटीई हे दोन्ही पॅकेटांचेच, तरी एक नव्हेत. व्हीओएलटीईच्या आवाजाला रेडिओ जाळ्यात राखीव आणि अग्रक्रमाचा मार्ग मिळतो. ॲपचा आवाज मात्र व्हिडिओ आणि डाउनलोडच्याच गर्दीत चालतो. टॉवरवर भार वाढला की आधी ॲप कॉल का अडखळतो, याचे उत्तर इथे आहे.

साध्या फोनला जोडणाऱ्या सेवेचा मार्ग १९ जून २०१८ रोजी मोकळा झाला. दूरसंचार विभागाने स्पष्ट केले की ॲक्सेस सेवेचा, म्हणजे ग्राहकाला थेट फोन देण्याचा, परवाना असलेली कंपनी कोणत्याही इंटरनेट जोडणीवरून टेलिफोनी देऊ शकते. ग्राहकाची जोडणी दुसऱ्या कंपनीची असली तरी चालेल. पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने वर्षाला १,०९९ रुपयांत ‘विंग्ज’ ही ॲपवरची सेवा जाहीर केली, तिला सिमची गरज नव्हती. डिसेंबर २०१९ पासून खासगी कंपन्यांचे वाय-फाय कॉलिंग आले. जाड भिंतींच्या घरांत आणि तळघरांत, जिथे सिग्नल पोहोचत नाही, तिथे त्याचा खरा उपयोग होतो.

कार्यालयांत ३० वाहिन्यांच्या पीआरआय या डिजिटल टेलिफोन लाइनची जागा आता एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेट पद्धतीने अनेक कॉल नेणारी जोडणी, घेत आहे. इथे क्षमता मोजून घ्यावी. जी.७११ कोडेकचा एक कॉल ६४ केबीपीएसचा म्हटला तरी २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांची शीर्षके धरून आयपी पातळीवर ८० आणि इथरनेटवर सुमारे ८७ केबीपीएस घेतो, तोही प्रत्येक दिशेला. ३० कॉल एकाच वेळी म्हणजे २.६ एमबीपीएस. डाउनलोडचा आकडा पाहून समाधान मानू नये, कारण अडचण बहुधा अपलोडला येते. कोणी मोठी फाइल चढवत असेल तर राऊटरच्या रांगेत आवाजाची पॅकेट अडकतात. आपल्याला पलीकडचे स्वच्छ ऐकू येते, पलीकडच्याला आपण तुटक. राऊटरमध्ये अपलोडची कमाल मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधून आवाजाला अग्रक्रम दिला की हे थांबते. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज वाटते; त्याहून वाढत गेला की दोघे एकदम बोलू लागतात.

सर्वाधिक तक्रारी मात्र वेगाच्या नसून पत्त्याच्या असतात. घरचा राऊटर आणि बऱ्याचदा कंपनीचे जाळे, दोन्ही ठिकाणी खासगी आयपी पत्ता बदलला जातो. फोन आपला आतला पत्ता संदेशात लिहून पाठवतो, पलीकडचा त्या पत्त्यावर आवाज पाठवतो, आणि तो कुठेच पोहोचत नाही. परिणाम म्हणजे एकतर्फी आवाज. कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कारण हमखास याच जातीचे असते: फोन उचलल्याची पोच परत मिळालेली नसते, यंत्रणा ३२ सेकंद वाट पाहते आणि कॉल सोडते. घड्याळ लावून ही वेळ मोजली तर निम्मे निदान झालेच. आधी राऊटरमधील ‘एसआयपी एएलजी’ (कॉल जुळवणाऱ्या संदेशांतले पत्ते बदलणारी सोय) बंद करावे. मदतीसाठी दिलेली ही सोय संदेश बिघडवण्याचेच काम अधिक करते. मग स्टन (फोनला त्याचा बाहेरचा पत्ता सांगणारा) किंवा टर्न (आवाज मधून पुढे पाठवणारा) सर्व्हर लावावा आणि फोनची सेवेकडची नोंदणी जिवंत ठेवणारे पॅकेट २५ ते ३० सेकंदांना जाऊ द्यावे, नाहीतर येणारे कॉल वाजतच नाहीत.

बेकायदा एक्स्चेंजचा धंदाही या सांध्यावरच चालतो. परदेशातला कॉल इंटरनेटने आणून अनेक सिम असलेल्या ‘सिम बॉक्स’मधून स्थानिक कॉल म्हणून सोडला जातो. शुल्क बुडते हे खरेच, पण त्याहून गंभीर म्हणजे ऐकणाऱ्याला खोटा भारतीय नंबर दिसतो आणि तपासाला मूळ कॉल सापडत नाही. अशी सिम वागणुकीवरून ओळखू येतात: एकाच टॉवरखाली जागची न हलणारी, शेकडो वेगवेगळ्या नंबरांना कॉल करणारी, स्वतः मात्र जवळजवळ कॉल न घेणारी.

घरचा फोन पूर्णपणे इंटरनेटवर नेताना विजेचा विचार आधी करावा. तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, म्हणून गावात अंधार असतानाही ती चालायची. फायबरवरचा फोन मात्र घरातल्या ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते ती पेटी) आणि राऊटरच्या विजेवर असतो. दोन्हींना बॅकअप हवा, एकाला देऊन भागत नाही. ११२ या आपत्कालीन क्रमांकाचेही तसेच. ट्रायने २०१७ च्या शिफारशींत इंटरनेट टेलिफोनीवर ही सोय तूर्त सक्तीची केली नाही, मर्यादा ग्राहकाला सांगाव्यात एवढेच म्हटले. इंटरनेटवरच्या नंबरला ठावठिकाणा चिकटलेला नसतो. म्हणून अशा फोनवरून मदत मागताना पहिल्या वाक्यात पूर्ण पत्ता सांगावा, आणि घरात एक तरी साधा सिमचा मोबाइल चार्ज केलेला असावा.