काळा रंग नसलेली काळी चित्रं

प्राचीन ग्रीक मडक्यांचे फोटो आणि वर ‘हरवलेलं नॅनो-तंत्रज्ञान’ असा मथळा, हा संदेश परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मला तिसऱ्यांदा आला. अडीच हजार वर्षं होऊनही काळा रंग उडाला कसा नाही, हा त्यातला अचंबा. उडणार कुठून? तो रंग नाहीच. भांडं ज्या लोहयुक्त मातीचं, त्याच मातीचं वरचं काळं चित्र. फरक आहे तो कणांच्या बारीकपणात आणि भट्टीतल्या हवेत.

अथेन्सचा कुंभार माती पाण्यात कालवून ठेवायचा. जाड कण तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी वेगळं काढायचं, ते पुन्हा निवळू द्यायचं. असं करत शेवटी सायीसारखी मऊ माती हाती लागते. तिच्यात पोटॅशियम असलेलं इलाइट हे खनिज जास्त, त्यामुळे ती भांड्याच्या मातीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागते. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे. या लेपाने चित्र काढायचं. काढताना ते काळं दिसत नाही. मातकट भांड्यावर मातकट चित्र, चित्रकाराचं काम जवळपास अंदाजानेच.

आता भट्टी. आधी झरोके उघडे ठेवून सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. भरपूर ऑक्सिजन, म्हणून मातीतल्या लोहाचं हेमॅटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजनचं लाल संयुग होतं आणि भांडं, चित्र, सगळंच लाल. मग झरोके बंद, आत ओली लाकडं. कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो मातीतलाच ऑक्सिजन ओढून घेतो. हेमॅटाइटच्या तीन एककांमधून ऑक्सिजनचा एक अणू गेला की मॅग्नेटाइटची दोन उरतात, आणि मॅग्नेटाइट काळं. म्हणजे आता सगळंच काळं. याच सुमारास, 900 अंशांच्या पुढे, बारीक लेपाचे कण एकमेकांत वितळून काचेसारखे बंद होतात. भांड्याची जाड माती मात्र सच्छिद्रच राहते. शेवटी झरोके पुन्हा उघडायचे. हवा सच्छिद्र मातीत शिरते आणि भांडं परत लाल होतं. लेपात शिरायला वाटच नसते, तो काळाच राहतो. केसापेक्षा पातळ असा तो थर! थिओडोर शूमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1942 साली हे गणित पुन्हा जुळवून दाखवलं. काही भांडी एकापेक्षा जास्त वेळा भाजली असावीत, असं अलीकडच्या क्ष-किरण तपासण्यांवरून दिसतं.

झरोका थोडा उशिरा उघडला की सगळा माल वाया. म्हणून कुंभारांनी भट्टीची भुतंही कल्पिली होती. होमरच्या नावावर खपणाऱ्या एका जुन्या कवनात त्यांची नावं आहेत, त्यातला सिन्ट्रिप्स म्हणजे ‘फोडणारा’. नजर लागू नये म्हणून भट्टीवर कुरूप चेहरेही टांगत. आपल्याकडे नव्या बांधकामावर काळी बाहुली लटकते, तसंच. माल वाचवला तो चेहऱ्याने नाही, झरोक्यावरच्या हाताने.

शैलीही या भट्टीतच घडली. इ.स.पू. सातव्या शतकात कोरिंथ या ग्रीक शहरात सुरू झालेल्या काळ्या आकृत्यांत बारकावे म्हणजे ओरखडे. न भाजलेला लेप टोकदार हत्याराने खरवडायचा, खालची माती रेषा बनते. अथेन्सचा कुंभार-चित्रकार एक्झेकियास याचा इ.स.पू. 540 ते 530च्या सुमाराचा रांजण व्हॅटिकनमध्ये आहे. त्यावर ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलीस आणि एजॅक्स सोंगट्या खेळताहेत, तोंडाशी दान लिहिलंय, ‘चार’ आणि ‘तीन’, आणि अंगावरच्या झग्यांची नक्षी अशी की भरतकामवाल्याने लाजावं. पण ओरखड्याला वळण कमी. इ.स.पू. 520च्या आसपास अथेन्समध्ये कुणीतरी सरळ उलटं केलं: आकृती मातीची सोडायची, भोवताल लेपाने भरायचा. आता स्नायू, पापणी, दुमडलेला पाय हे सारं कुंचल्याने काढता येऊ लागलं. रसायन तेच. एका बाजूला काळ्या आणि दुसऱ्या बाजूला लाल आकृत्या असलेली भांडीही सापडतात.

यातली कितीतरी भांडी अथेन्सला नव्हे, तर इटलीत एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांत मिळाली. एक्झेकियासचा रांजणही वुल्ची या त्यांच्या शहरातला. हे लोक नुसते गिऱ्हाईक नव्हते. बुकेरो हे त्यांचं स्वतःचं मातीकाम इ.स.पू. 675च्या सुमारास त्यांच्याच चेर्वेतेरी शहरात सुरू झालं: आरपार काळं, धातूसारखं चकाकणारं, काही भांड्यांच्या भिंती जेमतेम दोन मिलिमीटरच्या. ते म्हणजे वरची भट्टी दुसऱ्या पायरीवर थांबवलेली. झरोका परत उघडायचाच नाही. धूर कोंडून केलेला काळा माठ आपण बाजारात बघतो, त्याच जातीचं काम.

लाल आकृत्यांचं वेड तिकडे पोचलं तेव्हा वुल्चीच्या काही कारागिरांनी सोपी वाट धरली. आख्खं भांडं काळं करायचं आणि वर लाल रंगाने चित्र काढायचं. पुढे अठराव्या शतकात थडग्यांतली ही सगळीच भांडी एट्रुस्कन समजली जात. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने 1769 मध्ये इंग्लंडात कारखाना काढला, त्याचं नाव ‘एट्रुरिया’, म्हणजे एट्रुस्कनांचा प्रदेश, आणि पहिल्या दिवशीच्या फुलदाण्यांवर लॅटिनमध्ये लिहिलं, ‘एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्मताहेत’. नमुने होते ग्रीक धाटणीचे. पण त्याने केलं काय, तर वुल्चीच्या त्या कारागिरांसारखाच काळ्या भांड्यावर लाल रंग चढवला. नाव चुकून बरोबर निघालं.