पार्श्वभूमी : युद्ध चालू असतानाच छापलेला इतिहास

मार्च १९४१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ३२ पानांची एक पुस्तिका विक्रीला आली. नाव ‘द बॅटल ऑफ ब्रिटन’, विषय १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेली लढाई, किंमत तीन पेन्स, लेखकाचं नाव कुठेच नाही. मजकूर हवाई मंत्रालयाचा, छपाई सरकारी स्टेशनरी ऑफिसची. एरवी कायदे आणि अहवाल छापणाऱ्या या खात्याची पुस्तिका घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली.

सरकारने युद्धावर पुस्तकं काढणं नवं नव्हतं. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली ‘वेलिंग्टन हाउस’मधून हेच काम चाले, पण गुपचूप. नामवंतांकडून लिहून घ्यायचं आणि खासगी प्रकाशकाच्या नावाने बाजारात आणायचं. युद्धानंतर ते उघड झालं आणि सरकारी शब्दावरचा विश्वास ढासळला. दुसऱ्या खेपेला सरकारने स्वतःचं नाव उघडपणे छापलं, ही मला मोठी सुधारणा वाटते.

परिस्थितीही अनुकूल होती. १९४० पासून कागदाचं रेशनिंग सुरू झालं आणि प्रकाशकांचा कोटा आक्रसला. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनची पॅटरनॉस्टर रो ही प्रकाशकांची गल्ली बॉम्बहल्ल्यात जळाली. सुमारे ५० लाख पुस्तकं खाक झाल्याचा अंदाज आहे. ब्लॅकआउटमुळे संध्याकाळी घरातच बसलेले लोक वाचायला काहीतरी शोधत होते, आणि कागद सरकारच्या हातात होता. मग ‘बॉम्बर कमांड’, ‘कोस्टल कमांड’, नागरी संरक्षणावरची ‘फ्रंट लाइन’ अशी रांगच लागली. भारत सरकारनेही आफ्रिकेत लढणाऱ्या भारतीय डिव्हिजनांवर १९४२ मध्ये ‘द टायगर स्ट्राइक्स’ काढलं.

पण त्या पहिल्या पुस्तिकेत काय नव्हतं, हे पाहायलाच हवं. रडारचा उल्लेख नाही. ते समजण्यासारखं आहे, कारण त्याची जाहीर वाच्यता जून १९४१ पर्यंत झालीच नव्हती. १५ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनांची १८५ विमानं पाडल्याचा आकडा आहे. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्यावर तो साठाच्या आसपास आला. हवाई धुमश्चक्रीत एकाच विमानावर दोघातिघांनी हक्क सांगणं स्वाभाविक, म्हणून यालाही मी लबाडी म्हणणार नाही.

तिसरी उणीव मात्र अक्षम्य आहे. ज्या ह्यू डाउडिंग यांनी फायटर कमांड (हवाई दलाची लढाऊ विमानांची शाखा) उभी केली आणि ती लढाई चालवली, त्यांचं नावच पुस्तिकेत नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांना पदावरून हटवलं गेलं होतं. चर्चिल यांनी हवाई मंत्र्यांना खरमरीत पत्र लिहून विचारलं, की नौदलाने ट्रफाल्गरच्या सागरी विजयाची हकिकत तो मिळवून देणाऱ्या नेल्सनलाच वगळून सांगितली असती तर लोक काय म्हणाले असते?

या पुस्तिकेने लढाईच्या तारखा ८ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर अशा धरल्या. पुढे ब्रिटनमध्ये सुरुवात १० जुलैपर्यंत मागे नेली गेली. शेवट मात्र ३१ ऑक्टोबरच राहिला, जरी त्यानंतरही लंडनवर रात्रीचे बॉम्बहल्ले चालूच होते. पुस्तिका लिहिणारे हिलरी सेंट जॉर्ज साँडर्स १९५१ मध्ये वारले. हवाई दलाचा तीन खंडांतला इतिहास १९५३-५४ मध्ये त्याच स्टेशनरी ऑफिसने काढला, तेव्हा डेनिस रिचर्ड्स यांच्यासोबत त्यांचं नाव लेखक म्हणून छापलं गेलं.