कार्बन ब्रश (घरगुती विद्युत हत्यारांतील)

विद्युत मोटरच्या आर्मेचरला, म्हणजे तारेची वेटोळी गुंडाळलेल्या फिरत्या भागाला, स्थिर बाजूकडून वीज पोहोचवणाऱ्या, ग्रॅफाइटयुक्त कार्बनच्या लहान ठोकळ्याला कार्बन ब्रश म्हणतात. ड्रिल मशीन, ग्राइंडर, मार्बल कटर आणि स्वयंपाकघरातला मिक्सर यांत तो जोडीने बसवलेला असतो. सुरुवातीच्या डायनॅमोंमध्ये हे काम तांब्याच्या तारांच्या जुडग्याकडे असे, म्हणून नाव ब्रश. स्कॉटिश विद्युत अभियंते जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ साली तांब्याऐवजी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले. तारा गेल्या, नाव राहिले. दुकानात मात्र नुसता ब्रश मागितल्यास रंगाचा मिळण्याचीच शक्यता अधिक. तिथे ‘कार्बन’ हाच शब्द चालतो.

५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी इंडक्शन मोटर (हिच्यात कार्बन नसतो) मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. हातात पेलेल एवढ्या वजनात भरपूर ताकद हवी, तर वेग वाढवावा लागतो आणि त्यासाठी या हत्यारांत ही मर्यादा नसलेली, कार्बनमधून आर्मेचरला वीज देणारी युनिव्हर्सल मोटर वापरतात. या वेगाची किंमत कार्बन मोजतो. आर्मेचर मिनिटाला ३०,००० फेऱ्या घेत असेल आणि त्यावरील कॉम्युटेटरचा (कार्बन जिथे टेकतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्याचा) व्यास २५ मिलिमीटर असेल, तर कार्बनखालून तांब्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने सरकत असतो. दोघांपैकी एकाने झिजायचे ठरलेलेच असल्याने स्वस्त आणि बदलता येणारा भाग मुद्दाम मऊ ठेवला जातो.

कॉम्युटेटर लखलखीत असणे हे सुस्थितीचे लक्षण मानले जाते, ते चूक आहे. चांगल्या चाललेल्या मोटरमध्ये त्यावर तांब्याचे ऑक्साइड आणि ग्रॅफाइट यांचा चॉकलेटी रंगाचा पातळ थर बसतो व तोच घर्षण कमी करतो. ग्रॅफाइटच्या निसरडेपणाला हवेतील बाष्पही लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांतील कार्बन तिथल्या कोरड्या हवेत झपाट्याने झिजून जात, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. घरगुती हत्यारांत हा थर बिघडतो तो मुख्यतः धुळीमुळे: जांभ्याचा चिरा किंवा फरशी कापताना उडणारी भुकटी मोटरच्या वाऱ्याच्या झरोक्यांतून आत ओढली जाते. कार्बन दाबून धरणारी स्प्रिंग मऊ पडणे, बेअरिंग खिळखिळे होणे आणि पात्यावर गरजेपेक्षा जास्त जोर देणे ही इतर कारणे होत.

मशीन मध्येच बंद पडून थोडे हलवल्यावर पुन्हा सुरू होणे ही कार्बन संपत आल्याची ओळखीची खूण आहे. (मिक्सर अचानक थांबल्यास आधी तळाचे लाल ओव्हरलोड बटण दाबून पाहावे, कित्येकदा दोष तेवढाच असतो.) अनेक ड्रिल मशीनच्या दोन्ही कुशींना खाच असलेली प्लास्टिकची टोपी असते. प्लग काढून ती फिरवली की स्प्रिंग आणि तांब्याच्या विणलेल्या तारेसह कार्बन बाहेर येतो. साधारण ५ ते ६ मिलिमीटरच उरला असेल, किंवा खुणेची रेघ असल्यास तिथवर झिजला असेल, तर तो बदलावा. काही कार्बनच्या पोटात स्प्रिंगने दाबलेली खुंटी असते. मर्यादा आली की ती पुढे येऊन कार्बन उचलून धरते आणि मशीन बंद पडते. अशी सोय नसताना मशीन रेटत राहिल्यास स्प्रिंगचे पोलाद थेट तांब्यावर घासते आणि किरकोळ खर्चाचे काम आर्मेचरवर जाते.

एकच बाजू झिजलेली दिसली तरी जोडी एकदम बदलावी. नवा कार्बन होल्डरमध्ये सैल न हलता, पण न अडकता सरकला पाहिजे. किंचित मोठा मिळाल्यास घासून बसवण्याचा प्रघात आहे, परंतु योग्य मापाचा शोधणेच बरे. नंतर कॉम्युटेटरच्या गोलाईला तोंड जुळेपर्यंत मशीन काही मिनिटे भाराविना चालवावे. काळवंडलेला कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसता येतो. एमरी कागद मात्र टाळावा, कारण त्याचे वीजवाहक कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत अडकतात. कार्बनची भुकटीही वीजवाहक असल्याने ती ब्लोअरने काढून टाकावी. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशीनमध्ये तिच्यामुळे शॉक बसू शकतो.

नव्या कार्बनखाली सुरुवातीला थोड्या निळसर ठिणग्या दिसतात व पुढे त्या कमी होतात. पण कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचे पूर्ण कडे फिरू लागले आणि जळका वास आला, तर दोष बहुधा आर्मेचरच्या वाइंडिंगमध्ये असतो. अशा वेळी कितीही कार्बन बदलले तरी ते पुन्हा तसेच जळतात. बॅटरीवर चालणाऱ्या ब्रशलेस हत्यारांत विजेची अदलाबदल इलेक्ट्रॉनिक सर्किट करते, त्यामुळे तिथे कार्बनच नसतो. बिघाड झाल्यास बहुधा अख्खे सर्किट बदलावे लागते.