तप्तमेण चित्रण (एन्कॉस्टिक) : चित्रकार आणि माध्यम

मधमाश्यांच्या पोळ्याचे मेण वितळवून त्यात रंगद्रव्य मिसळणे, ते गरम असतानाच फलकावर लावणे आणि प्रत्येक थर पुन्हा तापवून खालच्या थराशी एकजीव करणे, या पद्धतीस तप्तमेण चित्रण म्हणतात. ‘एन्कॉस्टिक’ ही संज्ञा ‘आत भाजणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली आहे. इजिप्तमधील फायूम येथील इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील व्यक्तिचित्रे हे तिचे सर्वपरिचित जुने नमुने होत. विसाव्या शतकात अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स याने ‘फ्लॅग’ (१९५४–५५) या चित्रात वर्तमानपत्राचे कपटे आणि मेण एकत्र वापरले; मेण झटपट गोठत असल्याने कुंचल्याचा प्रत्येक फटकारा त्यात वेगळा उमटून राहतो.

मेण सुमारे ६२ ते ६४° से. तापमानाला वितळते. त्याला कठीणपणा यावा म्हणून डॅमर हा झाडाचा चीक घालतात. (याचा रस्त्यावरच्या डांबराशी संबंध नाही, आपल्याकडे धुपात पडणारी सालवृक्षाची राळ मात्र त्याची नात्यातली.)

जलरंग वा तैलरंग वाळतात, मेण केवळ गोठते, आणि चित्रकाराचे या माध्यमाशी असलेले सारे नाते या एका फरकातून घडते. मुंबईत जुलै महिन्यात जलरंगाचा हात वाळता वाळत नाही. मेणाला हवेतील दमटपणाची फिकीर नसते, रंगीत मेण वितळते ठेवणाऱ्या तापल्या तव्यावरून उचललेला कुंचला फलकापर्यंत पोहोचेतो ते घट्ट होऊ लागते. म्हणून ऐन उकाड्यातही डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा लागतो, पण मेणाची वाफ बाहेर जाण्यासाठी खिडकीतला एक्झॉस्ट चालू असावाच लागतो. नायलॉनचे केस तव्याच्या उष्णतेने मऊ पडून वाकतात, त्यामुळे कुंचला नैसर्गिक केसांचा घेतात. फलक ताठ व शोषक हवा. अ‍ॅक्रिलिक गेसोवर (फलकाला आधी देतात त्या तयार पांढऱ्या अस्तरावर) मेण नीट धरत नाही. पावसाळ्यात ओल धरलेले प्लायवूड आधी पुरते सुकवून घ्यावे, कारण मेणापेक्षा ते अधिक दगा देते.

थर एकजीव करताना ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली, तर बारीक रेघ ओघळून शेजारच्या रंगात मिसळते. अशी चूक पुसता येत नाही. ती खरवडून काढावी लागते, किंवा तिच्यावर नवा थर चढवून तिला अर्धवट दिसू द्यावे लागते, आणि अनेक चित्रकार दुसराच मार्ग पत्करतात. मुंबईचा उन्हाळा चित्र वितळवण्याइतका कडक नसला, तरी उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ते ठेवणे धोक्याचे असते. नव्या चित्रावर कधी पांढुरकी साय धरते. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने हलके घासले की ती जाऊन चकाकी परत येते.