रुडिमेंट (ड्रमवादन)

रुडिमेंट म्हणजे ड्रमवर, त्यातही मुळात स्नेअरवर (खाली तारा ताणलेला, खरखरीत आवाजाचा ड्रम), दोन्ही हातांनी ठरलेल्या क्रमानं वाजवायचे छोटे तुकडे. कुठला ठोका उजव्यानं, कुठला डाव्यानं, कुठला दाबून, कुठला हलका हे सगळं त्यात पक्कं असतं. आज जगभर चालते ती 40 ची यादी पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यं वाजवणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेनं 1984 च्या सुमारास मान्य केली, त्यात रोल (सलग भरलेले ठोके) 15, डिडल (एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके असलेले) 4, फ्लॅम (मुख्य ठोक्याआधी एक बारीक ठोका) 11 आणि ड्रॅग (आधी दोन बारीक ठोके) 10.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण स्वित्झर्लंडकडं बोट दाखवतात, तिथलं लांब भाल्यांचं पायदळ ड्रमच्या ठोक्यावर पाऊल टाकायचं आणि बाझल शहरात ती परंपरा आजही जोरात आहे. फ्रान्सच्या थुआनो आर्बोच्या ग्रंथात (1588 किंवा 1589) कूचचे ठोके लिहून ठेवलेत, तान, तेरे, फ्रे अशी अक्षरं देऊन, म्हणजे आपल्या बोलांसारखंच, पण हातांचा पक्का क्रम लावलेली आजच्यासारखी पद्धत ती नव्हे. या अर्थानं रुडिमेंट हा शब्द चार्ल्स स्ट्यूअर्ट अॅशवर्थच्या 1812 च्या अमेरिकन पुस्तकापासून रुळला असं बहुतेक मानतात. एकाच देशाला श्रेय देण्यापेक्षा युरोपातल्या पलटणींमध्ये हे हळूहळू घडत गेलं आणि अमेरिकेत त्याची यादी झाली, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

1933 मध्ये शिकागोला 13 ड्रमर जमले आणि त्यांनी 13 रुडिमेंट आवश्यक ठरवले, नंतर आणखी 13 जोडून 26 केले. गंमत अशी की आज पहिल्या दिवशी शिकवतात तो सिंगल स्ट्रोक रोल (उजवा-डावा एकेक ठोका) पहिल्या 13 मध्ये नव्हताच, तिथं पहिला मान डबल स्ट्रोकच्या (प्रत्येक हाताचे लागोपाठ दोन ठोके) लांब रोलचा होता. साधा पॅराडिडल (दोन एकेरी आणि दोन दुहेरी ठोक्यांचा तुकडा) सुद्धा दुसऱ्या 13 मध्येच आला. यादी लष्करी ड्रमच्या गरजेतून आलेली, ड्रमसेटच्या नाही, म्हणून असं.

हात बसतो तो डबल स्ट्रोकमध्ये. काठी अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरायची, पहिला ठोका मनगटानं मारायचा, काठी उसळून आली की दुसरा बोटांनी घ्यायचा, आणि दोन्ही ठोके एकाच आवाजाचे यायला पाहिजेत. दुसरा ठोका मरतो, हा जवळजवळ सगळ्यांचा दोष. पॅराडिडल (उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा: उ डा उ उ, डा उ डा डा) हात आपोआप बदलून देतो, आणि फ्लॅममध्ये आधीचा बारीक ठोका खालूनच सुटतो, मुख्य ठोक्याची काठी मात्र वरून येते. मेट्रोनोम (लय धरून टिकटिकणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून सुरू करायचं, हळूहळू चढवायचं आणि परत त्याच हळू लयीवर यायचं ही जुनी रीत, आणि ती सोडू नये. प्रॅक्टिस पॅड (सरावाची कमी आवाजाची रबरी गादी) घ्यावा, शेजारी झोपू शकतात.

सोलापुरात गणपतीची आणि जयंतीची लेझीम, हलगी, ताशा, लग्नाचा बँड असं वाजवणं गल्लीतच कानावर पडतं, त्यामुळं ड्रमकडं वळणाऱ्या पोरांचा ठेका आधीच पक्का असतो. पण हलगीत उजव्या हातात आखूड जाड काठी आणि डाव्यात बारीक लांब काडी, दोघांचं काम वेगळं, म्हणून तिथून आलेल्याचा डावा हात रोलमध्ये मागं पडू शकतो. ताशेवाल्याला ही अडचण कमी, त्याची तर्री (सलग भरगच्च ठोके) दोन्ही काड्यांनी भरायची असते. तरी ताशाची काडी हलकी आणि लवचिक, ड्रमची जड, उसळी वेगळी, म्हणून वेग आहे तेवढ्यावर समाधान मानू नये, डबल स्ट्रोक पुन्हा पहिल्यापासून हळू लयीत घ्यावा. हलगीवाल्यानं तर सुरुवातीला प्रत्येक रुडिमेंट डाव्या हातानं सुरू करून आधी वाजवावा, मग उजव्यानं.