फिलेट होत नाही? आधी गोटी फिरवून पाहा

"सर, फिलेट होऊनच नाही राहिलं. रॅम कमी आहे का?"

विदर्भातल्या खेड्यांतून तालुक्याच्या आयटीआयमध्ये येणारी पोरं हे हमखास विचारतात. डवऱ्याचं ब्रॅकेट असो की पंपाचं झाकण, संगणकावर त्याचं मॉडेल शेवटपर्यंत नीट बनतं आणि कडा गोल करायला, म्हणजे फिलेट द्यायला गेलं की एरर येते. रॅमचा यात बहुधा काही संबंध नसतो. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेलीही मी पाहिली आहे, तिचाही नसतो. घोळ भूमितीत असतो.

भिंत आणि जमीन यांच्या कोनात गोटी ठेवा आणि दोन्हींना टेकवून ढकलत न्या. तिच्या कोपऱ्याकडच्या अंगानं जो गोलावा आखला जातो, तोच फिलेट. बाहेरच्या कडेला हीच गोटी धातूच्या आतून फिरते असं समजा. गोटीचा मध्य दोन्ही पृष्ठांपासून सतत त्रिज्येइतका दूर राहतो. म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही पृष्ठं तेवढी सरकवतं आणि ती एकमेकांना कुठे छेदतात ते शोधतं. ती छेदरेषा म्हणजे मध्याची वाट. वाट सापडली नाही, तर फिलेट नाही.

आता गोटी कडेपासून किती आत टेकते? त्रिज्या भागिले अर्ध्या कोनाचा टॅन. काटकोनी कडेला 5 मिमी त्रिज्येसाठी 5 मिमी जागा पुरते. पण वखराच्या पाशीसारखी धार काढली आणि तिचा कोन 30 अंश असला, तर टॅन 15 अंश होतो 0.268, आणि तीच गोटी दोन्ही बाजूंनी सुमारे 18.7 मिमी खाते! "पाचच तर मिमी आहे" म्हणणारा पोरगा इथेच फसतो.

फ्रीकॅड या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 10 मिमी जाड पट्टीच्या दोन्ही कडांना 5 मिमी दिलं, तर मधली सपाट बाजू शून्य रुंदीची होते आणि बहुतेकदा नकार मिळतो. 4.99 चालून जातं. मला ही पळवाट आवडत नाही. तिथे स्केचमध्येच अर्धवर्तुळ काढावं.

खोलगट पृष्ठाची वक्रतात्रिज्या गोटीहून लहान असेल, तर सरकवलेलं पृष्ठ स्वतःलाच छेदतं. शिवाय नर्ब्ज पृष्ठ (नियंत्रणबिंदूंनी आखलेलं वळणदार पृष्ठ) सरकवलं की ते सहसा अचूक नर्ब्ज उरत नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्याच्या जवळपासचं पृष्ठ बसवतं. टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल तेवढ्या फरकात, शिवण जुळली नाही की काम थांबतं. एआय सगळं डिझाइन करून देणार म्हणतात. देऊ दे, ही भूमिती त्यालाही टाळता येणार नाही.

तेव्हा आधी 0.5 मिमी देऊन पाहा. झालं, तर अडचण बहुधा जागेची आहे. त्रिज्या वाढवत जा, कुठे अडतं ते कळेल. तेवढंही झालं नाही, तर आधीच्या कटमधून उरलेली एखादी बारीकशी कड शोधा. मोठ्या त्रिज्या आधी, लहान नंतर. एका कोपऱ्यात मिळणाऱ्या तिन्ही कडा एकदमच निवडा. ओतीव भाग असेल तर ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून भाग सुटावा म्हणून दिलेला उतार, फिलेटच्या आधी द्या.